संगणकाच्या जगांतील जीर्णोद्धार

नवें देऊळ बांधणाऱ्याचें नांव महाद्वाराच्या शिळेवर कोरलें जातें. पण त्याच देवळाच्या शिखरांतून उगवणारीं पिंपळाचीं रोपें दर पावसाळ्याआधीं उपटून काढणारा, गळक्या सांध्यांत चुना भरणारा आणि दीपमाळेवरचें गवत खरवडणारा मनुष्य कोण होता, हें गांवांत विचारलें तर कोणासच सांगतां येत नाहीं. तो मनुष्य नसता तर देवळाच्या जागीं आज दगडांचा ढीग असता. आपल्या जुन्या लोकांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. म्हणूनच जीर्णोद्धाराचें पुण्य नव्या बांधकामाच्या पुण्याहून अधिक, अशी समजूत त्यांनीं रूढ केली. श्रोतेहो, आज ज्या कामाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें तें याच जातीचें आहे. फरक एवढाच कीं, तें दगडचुन्याचें नसून संगणकाच्या आज्ञांचें आहे, आणि तें करणारीं माणसें साऱ्या पृथ्वीवर विखुरलेलीं आहेत.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून देतों. संगणक विकत घेतला म्हणजे यंत्र मिळतें. पण त्या यंत्राकडून काम करून घेणारा एक कारभारी त्यांत बसवावा लागतो. पत्र लिहावयाचें असो, चित्र पाहावयाचें असो कीं बँकेचा व्यवहार करावयाचा असो, स्मृतीची जागा कोणाला किती द्यावी, कळफलकावर दाबलेलें अक्षर पडद्यावर कसें आणावें, कोणत्या कागदाला हात लावण्याचा अधिकार कोणास असावा, हें सर्व हा कारभारी पाहतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम असें नांव आहे. बहुतेक घरांतून जी ऑपरेटिंग सिस्टीम असते ती एखाद्या मोठ्या कंपनीची मालमत्ता असते. तिच्या पोटांत काय लिहिलें आहे हें आपणांस वाचतां येत नाहीं, मग बदलणें तर दूरच.

याच्या उलट असा दुसरा एक पंथ आहे. इ. स. १९८३ मध्यें रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें असा संकल्प जाहीर केला कीं, जिची मूळ संहिता कोणालाही वाचतां, सुधारतां आणि दुसऱ्यास देतां यावी, अशी एक संपूर्ण प्रणाली निर्माण करावयाची. तिला त्यानें ग्नू असें नांव दिलें. या प्रणालीचीं बरींचशीं अवजारें तयार झालीं, पण मधला गाभा तेवढा व्हावयाचा राहिला होता. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाचा गाभा लिहून ती उणीव भरून काढण्याची वाट मोकळी केली.

तथापि गाभा एकानें लिहिला आणि अवजारें दहांनीं लिहिलीं, एवढ्यानें सामान्य मनुष्याची सोय होत नाहीं. विटा एका भट्टीवर, लांकूड दुसऱ्या वखारींत आणि कौलें तिसऱ्याच्या आवारांत पडलेलीं असलीं म्हणजे त्यास कोणी घर म्हणत नाहीं. ही सामग्री एकत्र आणून, एकमेकींशीं जुळवून, राहण्याजोगें घर उभें करण्याचा उद्योग कोणीं तरी करावयास हवा होता. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत शिकणाऱ्या ईअन मर्डॉक नांवाच्या वीस वर्षांच्या तरुणानें असा उद्योग आरंभीत असल्याचें जाहीर केलें. पुढें आपली पत्नी झालेल्या डेब्राच्या नांवाचा आरंभ आणि आपलें स्वतःचें नांव यांचा संधि करून त्यानें 'डेबियन' हा शब्द बनविला. मर्डॉकनें तीनच वर्षांत सूत्रें दुसऱ्याच्या हातीं दिलीं. २०१५ च्या डिसेंबरांत तो वारलाही. पण त्याची संस्था आजही चालू आहे. तिला कोणी मालक नाहीं आणि भागीदार नाहींत. ती विकत काहींच देत नाहीं. तिचे सुमारें एक हजार अधिकृत सभासद जगांतील अनेक देशांत राहतात आणि संस्थेकडून एका पैचाही पगार न घेतां हें घर सांभाळतात.

सांभाळतात म्हणजे नेमकें काय करतात, हें थोडें तपशीलानें सांगितलें पाहिजे. कारण या कामाची महती त्याच्या तपशीलांतच आहे. डेबियनमध्यें प्रत्येक आज्ञावलीचा एक बांधीव गठ्ठा असतो. त्याला पॅकेज म्हणतात. आज्ञावली मूळ लिहिणारा ग्रंथकार निराळा, आणि तिचें पॅकेज बांधून तें निगुतीनें ठेवणारा मेंटेनर निराळा. हा मेंटेनर म्हणजे त्या पॅकेजाचा पालकच. मूळ ग्रंथकारानें नवी आवृत्ति काढली कीं पालकानें ती आणावयाची. ती कोणत्या अटींवर वाटतां येते हें पाहावयासाठीं तींतील प्रत्येक भागाचा कर्ता आणि परवाना तपासून नोंदवावयाचा. तिला चालण्यासाठीं दुसऱ्या कोणकोणत्या पॅकेजांची जरूरी आहे याची यादी द्यावयाची. तिचे निरनिराळे भाग संगणकांत कोणत्या जागीं पडावे याविषयीं डेबियनचा एक लेखी नियमग्रंथ आहे, त्याबरहुकूम मांडणी करावयाची. काय बदललें याची तारीखवार टिपण ठेवावयाची. नंतर सर्व बांधून, तपासून, त्यावर आपली सांकेतिक सही करून तें भांडारांत पाठवावयाचें. भांडारांतलीं यंत्रें मग तेंच पॅकेज वेगवेगळ्या जातींच्या संगणकांसाठीं पुन्हां बांधून पाहतात. त्यांत एका जातीवर तें मोडलें तर तक्रार परत पालकाच्याच दारीं येते.

या नियमांत एक नियम मला शिक्षक या नात्यानें फार आवडला. समजा, घरमालकानें आपल्या सोयीप्रमाणें एखाद्या आज्ञावलीच्या मांडणींत काहीं फेरफार केला आहे. पुढें त्या आज्ञावलीची नवी आवृत्ति आली, तर ती बसवितांना मालकानें केलेला फेरफार पुसून टाकण्याचा अधिकार पॅकेजाला नाहीं. मालकास विचारलें पाहिजे, किंवा त्याचें होतें तें तसेंच राहूं दिलें पाहिजे. विद्यार्थ्याच्या वहींतील त्याचें स्वतःचें वाक्य न खोडतां शेजारीं दुरुस्ती लिहिणारा शिक्षक असतो, तसेंच हें आहे. दुसऱ्याच्या घरांत काम करतांना किती संभाळून वागावें याचा हा पाठच होय.

आतां या भांडाराचा विस्तार पाहा. जुलै १९९८ मध्यें डेबियनची दुसरी आवृत्ति निघाली, तेव्हां तींत दीड हजारांवर पॅकेजें होतीं. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं तेरावी आवृत्ति निघाली, तेव्हां हा आंकडा ६९,८३० च्या पुढें गेला होता. दोन वर्षांपूर्वींच्या बाराव्या आवृत्तीच्या मानानें तींत १४,१०० हून अधिक पॅकेजें नवीं आलीं, ८,८४० हून अधिक निरुपयोगी म्हणून काढून टाकलीं आणि ४४,३२६ पॅकेजांची सुधारणा झाली. काढून टाकलेल्यांच्या आंकड्याकडे मी आपलें विशेष लक्ष वेधतों. भर घालणें सर्वांनाच आवडतें. पण माळ्यावरचें मोडकें सामान उतरवून, त्याच्यावर कोणाची वस्तु तर अवलंबून नाहीं ना हें पाहून, तें टाकून देण्याचें काम घरांतील शहाण्या गृहिणीच्या वांट्यालाच येतें.

नवें सामान आणल्याबरोबर दिवाणखान्यांत मांडावयाचें नाहीं, असाही येथें दंडक आहे. भांडाराच्या तीन खोल्या कल्पाव्या. पहिली अस्थिर खोली. पालकानें पाठविलेलें पॅकेज प्रथम तेथें येतें. तेथें काहीं दिवस तें राहिलें, कोणाला त्यांत गंभीर दोष आढळला नाहीं आणि त्याच्यामुळें दुसरें काहीं मोडलें नाहीं, म्हणजे तें दुसऱ्या, परीक्षेच्या खोलींत जातें. अशा रीतीनें सुमारें दोन वर्षें परीक्षेची खोली भरत जाते. मग एके दिवशीं नवीन भर घालणें थांबवितात, उरलेले गंभीर दोष एकेक करून निपटतात, आणि सर्व मिळून स्थिर आवृत्ति म्हणून जगापुढें ठेवतात. या आवृत्त्यांना १९९५ च्या 'टॉय स्टोरी' या खेळण्यांच्या चित्रपटांतील आणि त्याच्या पुढील भागांतील पात्रांचीं नांवें देण्याची प्रथा आहे. अस्थिर खोलीला मात्र कायमचें नांव आहे सिड. आणि सिड हा त्या चित्रपटांतला, खेळणीं मोडणारा शेजारचा मुलगा. विनोदही कामाला धरून आहे.

स्थिर आवृत्ति निघाल्यावर तींत दोष सांपडला तर काय करावें? सोपा मार्ग म्हणजे त्या आज्ञावलीची नवीकोरी आवृत्ति बसवून मोकळें होणें. डेबियनचे लोक सहसा तसें करीत नाहींत. नव्या आवृत्तींत दुरुस्तीबरोबर दहा नव्या गोष्टी येतात, आणि त्या दहांपैकीं एखादी कोणाचें तरी चालतें काम बंद पाडते. म्हणून ते नव्या आवृत्तींतून नेमकी दुरुस्ती तेवढी कातरून घेतात आणि जुन्या कापडाला ती ठिगळासारखी बेमालूम लावतात. रुग्णालयांत, कचेरींत किंवा प्रयोगशाळेंत ज्यांचीं यंत्रें रात्रंदिवस चालू असतात त्यांना या ठिगळाची किंमत कळते. हें काम कंटाळवाणें आहे, त्यांत नवनिर्मितीचा आनंद नाहीं, आणि तें बरोबर झालें तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

लक्षांत न येणाऱ्या कामाचें आणखी एक उदाहरण देतों. अशा प्रणालींतून काळाची मोजणी १ जानेवारी १९७० पासून सेकंदांनीं होते. जुन्या यंत्रांत हा आंकडा बत्तीस घरांच्या कप्प्यांत ठेवीत. तो कप्पा १९ जानेवारी २०३८ रोजीं भरून वाहील, आणि त्या क्षणीं अशा यंत्राला आपण एकदम १९०१ सालीं आहों असें वाटूं लागेल. तेराव्या आवृत्तीच्या तयारींत डेबियनच्या लोकांनीं हा कप्पा, एक जुनी यंत्रजाति वगळून, सर्वत्र चौसष्ट घरांचा केला. एका पॅकेजांतला कप्पा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेलीं सर्व पॅकेजें पुन्हां बांधावीं लागतात. अशीं शेंकडों पॅकेजें त्यांनीं पुन्हां बांधलीं. २०३८ च्या त्या सकाळीं काहींच घडलें नाहीं, म्हणजे हें काम यशस्वी झालें असें समजावयाचें!

श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका आली असेल. ज्यांनीं एकमेकांचें तोंड पाहिलें नाहीं अशा हजार माणसांवर विश्वास कसा ठेवावयाचा? याची व्यवस्था डेबियननें मोठ्या विचारानें केली आहे. प्रत्येक सभासदाजवळ स्वतःची एक सांकेतिक किल्ली असते. तिची सही असल्याशिवाय भांडारांत काहीं शिरत नाहीं. नव्या मनुष्यास सभासद व्हावयाचें असेल तर त्याच्या किल्लीला आधींच्या सभासदांचा दुजोरा लागतो. त्यासाठीं रूढ मार्ग म्हणजे समक्ष भेटून, ओळखीचा सरकारी कागद दाखवून, एकमेकांच्या किल्ल्यांना साक्ष घालणें. शिवाय त्याचें काम आणि संस्थेच्या तत्त्वांचें ज्ञान यांची परीक्षा होते. १९९७ मध्यें संस्थेनें एक सामाजिक करार प्रसिद्ध केला. ही प्रणाली सदैव स्वतंत्र राहील आणि आपले दोष आपण लोकांपासून लपविणार नाहीं, अशीं वचनें त्यांत आहेत. म्हणून डेबियनची दोषांची वही कोणालाही उघडून पाहतां येते. १९९८ मध्यें संस्थेनें आपली राज्यघटना केली. दरवर्षीं सभासद आपला नेता निवडतात, आणि मतदान करतांना उमेदवारांचा पसंतीक्रम लावतात. मतें मोजण्याची रीत कॉन्डोर्से या अठराव्या शतकांतील फ्रेंच गणितज्ञाच्या विचारावर बसविलेली आहे. नेत्याला मात्र कोणत्याही सभासदाला 'हें काम तूं केलेंच पाहिजेस' असा हुकूम देतां येत नाहीं. स्वयंसेवकांच्या राज्यांत असा हुकूम चालतच नाहीं.

पण विश्वासाची व्यवस्था कितीही चांगली असली तरी माणसाच्या हातून चूक होते, आणि कधीं कधीं ती फार महाग पडते. दुसऱ्याच्या संहितेला हात लावण्याचा अधिकार ही किती जोखमीची गोष्ट आहे, हें मराठी माणसाला निराळें सांगावयास नको. ज्ञानेश्वरीचे पाठ लहियांच्या हातून बिघडत गेले, तेव्हां एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, निरनिराळ्या प्रती जमवून तिचें शुद्धीकरण केलें. आणि तें करून झाल्यावर, यापुढें कोणीं त्यांत आपली ओवी घालूं नये अशी ताकीदही देऊन ठेवली. शुद्ध करणाऱ्याला आपला मोह आवरावा लागतो, आणि गाळावयाच्या शब्दाविषयीं तर घालावयाच्या शब्दापेक्षांही अधिक सावध राहावें लागतें.

डेबियनला हा धडा २००८ सालीं मिळाला. गुप्त किल्ल्या तयार करणारी ओपनएसएसएल नांवाची एक आज्ञावली आहे. तपासणीचें एक अवजार तींतील दोन ओळींबद्दल वारंवार कुरकुर करी. २००६ मध्यें त्या पॅकेजाच्या पालकानें मूळ लेखकांच्या मंडळींत विचारणा केली, तिथून स्पष्ट नकार आला नाहीं, आणि त्यानें त्या ओळी बंद केल्या. त्यांतील एक ओळ किल्लीला अनिश्चितता पुरविणारी होती. परिणाम असा झाला कीं, ज्या किल्लीचे प्रकार मोजतां येऊं नयेत इतके असावयाचे, त्या किल्लीचे एका जातीच्या यंत्रावर, एका लांबीसाठीं, केवळ ३२,७६८ प्रकार उरले. चोराला तितक्या किल्ल्या लावून पाहणें म्हणजे थोड्या वेळाचा खेळ. सुमारें वीस महिने हें कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. डेबियनच्याच एका सभासदाला तें सांपडलें, आणि १३ मे २००८ रोजीं संस्थेनें स्वतः जगापुढें उभें राहून सर्व हकीकत सांगितली, दुरुस्ती दिली आणि त्या काळांतल्या किल्ल्या फेकून देण्यास लोकांस बजावलें. चूक मोठी होती. पण ती झांकण्याचा प्रयत्न झाला नाहीं, हें मी त्या संस्थेच्या खात्यावर जमा धरतों.

दुसरी घटना अलीकडची आहे आणि ती अधिक विचार करावयास लावणारी आहे. मजकूर दाबून लहान करणारी एक्सझेड नांवाची एक छोटी आज्ञावली आहे. ती असंख्य संगणकांत असते, पण तिचा मूळ लेखक वर्षानुवर्षें जवळजवळ एकटाच ती सांभाळीत होता. तो थकला होता. आणि कामाला वेळ लागतो म्हणून काहीं अनोळखी नांवांनीं त्याच्यावर तगाद्यांचा भडिमार चालविला होता. अशा वेळीं मदतीला एक टोपणनांवाचा मनुष्य आला. त्यानें दोन वर्षांहून अधिक काळ चांगलें काम केलें, विश्वास संपादन केला, आणि अधिकार हातीं आल्यावर २०२४ च्या आरंभीं त्या आज्ञावलींत एक चोरदरवाजा पेरला. तो दरवाजा डेबियनच्या अस्थिर आणि परीक्षेच्या खोल्यांपर्यंत येऊन पोंचला. आंद्रेस फ्रॉइंड नांवाचा एक अभियंता आपल्या निराळ्याच कामासाठीं डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर मोजमापें घेत होता. दुसऱ्या संगणकांत प्रवेश करावयास नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो हें त्याला खटकलें. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागें लागला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें तो चोरदरवाजा उघडकीस आणला. स्थिर खोलींत तें पॅकेज पोंचलेलें नव्हतें. तीन खोल्यांच्या दंडकाचा उपयोग येथें दिसला. पण केवळ दंडकानें काम भागलें नसतें, हेंही दिसलें.

या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या तर काय दिसतें? पहिल्या प्रसंगांत एक प्रामाणिक माणूस होता, पण त्याचें काम दुसऱ्या डोळ्यांनीं नीट तपासलें गेलें नाहीं. दुसऱ्या प्रसंगांत एक प्रामाणिक माणूस होता, पण त्याच्या खांद्यावरचें ओझें वांटून घेणारा सच्चा सोबती त्याला वेळेवर मिळाला नाहीं. दोन्ही ठिकाणीं उणीव माणसांची होती. संहिता सर्वांना खुली आहे म्हणजे ती सर्व वाचतातच, असें नाहीं. गांवची विहीर सर्वांची असते. म्हणूनच तिचा गाळ काढण्याची पाळी कोणाची, हें ठरलेलें नसलें तर तो वर्षानुवर्षें तसाच राहतो.

डेबियनमध्यें ही पाळी ठरविण्याचे काहीं उपाय आहेत. एखाद्या पालकाला काम झेपेनासें झालें, तर तो आपलें पॅकेज सोडल्याचें जाहीर करतो. अशा पॅकेजाला तेथें अनाथ म्हणतात. गुणवत्ता पाहणारी एक मंडळी त्याची जुजबी काळजी घेते, आणि कोणी पुढें येऊन तें दत्तक घेईपर्यंत त्याचें नांव उघड्या यादींत राहतें. कोणी काहीं न सांगतांच दिसेनासा झाला, तर त्याची चौकशी करणारेही लोक आहेत. ते प्रथम विचारपूस करतात, आणि उत्तर आलें नाहीं तरच पॅकेज दुसऱ्याकडे जातें. पालक हयात आहे पण त्याला सवड नाहीं, अशा वेळीं दुसरा सभासद दोष दुरुस्त करून पाठवूं शकतो. तेव्हांही साधारण रीत अशी कीं, ती दुरुस्ती काहीं दिवस रांगेंत थांबवून ठेवावयाची, म्हणजे मूळ पालकास हरकत घेण्यास अवसर मिळतो. शेजाऱ्याच्या अंगणांत झाड पडलें तर तें उचलावें, पण आधीं हांक मारावी, अशी ही रीत आहे. आणि आतां पुष्कळ पॅकेजें एकट्याऐवजीं मंडळ्या सांभाळूं लागल्या आहेत, हें फार चांगलें झालें.

काहीं लोक असा आक्षेप घेतात कीं, या फुकटच्या श्रमांवर मोठमोठ्या कंपन्या गबर होतात. मग हें परोपकाराचें काम कीं बिगारीचें? आक्षेपांत तथ्य आहे. २००४ मध्यें निघालेली उबुंटु ही लोकप्रिय प्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे, आणि डेबियनवर आपला व्यवहार चालविणारे उद्योग पुष्कळ आहेत. त्यांतील काहीं उद्योग आपल्या पगारी माणसांना हें काम करूं देतात, आणि जुन्या आवृत्त्या अधिक वर्षें सांभाळण्यासाठीं काहीं कंपन्या पैसाही देतात. पण हें देणें घेण्याच्या मानानें फार थोडें आहे, असें माझें मत आहे. बिगार आणि सेवा यांतला भेद मात्र विसरूं नये. बिगाऱ्याला काम टाकून जातां येत नाहीं, स्वयंसेवकाला येतें. म्हणूनच जो राहतो त्याला आपण गृहीत धरूं नये. तो जाण्यास मोकळा आहे, या एकाच कारणानें त्याच्याशीं आदरानें वागणें समाजाच्या हिताचें आहे.

आपला या सर्वाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. डेबियन बसवितांना जे प्रश्न विचारले जातात ते मराठींतही वाचतां येतात. कोणीं तरी बसून त्या शब्दांना मराठी शब्द शोधले आहेत. देवनागरी अक्षरांचे लोहितसारखे मुक्त ठसे त्याच भांडारांत पॅकेज म्हणून ठेवलेले आहेत. ज्या सी-डॅक या सरकारी संस्थेची मुख्य कचेरी पुण्यांत आहे, तिनें भारतीय भाषांसाठीं तयार केलेली बॉस नांवाची प्रणालीही डेबियनवरूनच घेतलेली आहे. आणि सप्टेंबर २०२३ मध्यें डेबियनच्या जगभरच्या सभासदांचें वार्षिक संमेलन केरळांत कोचीन येथें भरलें होतें. तेव्हां ही कोण्या परक्या देशची नवलाई आहे असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्याच भाषेचा एक कोपरा त्या घरांत आहे, आणि तो झाडावयास आपलीच माणसें लागणार.

ज्या घरांत कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्यांना माझें सांगणें एवढेंच. आज्ञावली लिहितां आलीच पाहिजे असें नाहीं. भाषांतर तपासणें, वापरण्याची माहिती सोप्या शब्दांत लिहिणें, दोष आढळला तर तो नीट कळविणें, हींही कामेंच आहेत. दोष कळवितांना तक्रारीचा सूर नको. आपण काय केलें, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें, या तीन गोष्टी क्रमानें लिहाव्या. आम्ही शाळेंत पत्रलेखन शिकवितों तें याचसाठीं. उत्तरास उशीर झाला तर चिडूं नये. पलीकडचा मनुष्य दिवसभराची नोकरी करून, मुलांना निजवून, मग आपल्या पत्राला बसला असण्याचा संभव आहे. आणि काम बिनबोभाट चालत असेल, तर वर्षांतून एकदां का होईना, तेंही लिहून कळवावें. दोषांच्या वहींत दररोज नवी भर पडते. आभारांची एखादी ओळ आली तर ती वाचणाऱ्याला पुढच्या वर्षाच्या कामाला पुरते, असा माझा शाळेंतला अनुभव आहे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.